सूक्ष्मजंतूंचा औषधरोध व त्याचा अभ्यासक

औषधरोध : एखाद्या औषधाने पूर्वी ज्या सूक्ष्मजंतूचा नाश होत असे किंवा ज्याची वाढ थांबत असे, त्या सूक्ष्मजंतूने त्याच औषधाच्या नेहमीच्या मात्रेत टिकून राहणे व वाढत राहणे याला औषधरोध म्हणतात. प्रतिजैव पदार्थांच्या, म्हणजे व्यवहारात अँटिबायॉटिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औषधांच्या, बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे [⟶ प्रतिजैव पदार्थ]. रोगी औषधाला ‘सरावला’ असे सामान्यतः म्हटले जाते. परंतु ते खरे नाही. रोधी होतो तो रोगी नव्हे, तर सूक्ष्मजंतू. आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत असल्यामुळे ज्या व्यक्तीने ते औषध आयुष्यात कधीही घेतलेले नाही, तिलाही रोधी जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. रक्तदाबावरील औषध एकाने कितीही घेतले, तरी दुसऱ्याच्या बाबतीत त्याचा गुण कमी होत नाही. प्रतिजैव पदार्थाचे तसे नाही. त्याचा प्रत्येक वापर पुढील वापराची उपयुक्तता थोडीफार घटवीत असतो.

यामुळे औषधरोधाचा अभ्यास करणाऱ्या सूक्ष्मजीववैज्ञानिकाचे काम दुहेरी असते. एका रोग्याच्या नमुन्यातील जंतूवर कोणते औषध चालेल हे तो सांगतो. आणि अशा हजारो उत्तरांच्या नोंदींवरून एखाद्या रुग्णालयात, जिल्ह्यात वा देशात कोणती औषधे निरुपयोगी होत चालली आहेत हेही तो दाखवितो. यांपैकी दुसरे काम फारसे दिसून येत नाही. परंतु त्यावाचून पहिले अपुरे राहते. या शाखेचा विकास, तिच्या कार्यपद्धती, महाराष्ट्रात झालेले कार्य आणि सिंधुदुर्गसारख्या किनारी जिल्ह्यात तिची असलेली गरज यांची माहिती पुढे दिली आहे.

इतिहास : ॲलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलिनाचा शोध लावला. ते औषध रोग्यांना सर्रास मिळू लागण्यापूर्वीच, १९४० साली, एडवर्ड एब्रहॅम व अर्न्स्ट चेन यांनी आतड्यातील एका जंतूत पेनिसिलिनाचा नाश करणारे एंझाइम असल्याचे प्रसिद्ध केले. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनीही अपुऱ्या मात्रेमुळे जंतू रोधी बनतील, असा इशारा दिला होता. क्षयरोगावरील पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसीन हे १९४३ मध्ये सापडले. ब्रिटनमध्ये झालेल्या त्याच्या चाचणीत रोगी प्रथम सुधारले. पण पुष्कळांच्या थुंकीत काही महिन्यांतच स्ट्रेप्टोमायसिनाला न जुमानणारे जंतू आढळू लागले. एकाच वेळी एकाहून अधिक औषधे देण्याची क्षयोपचाराची पद्धत या अनुभवातून निर्माण झाली.

रोध औषधामुळे ‘उत्पन्न’ होतो की तो जंतूंत आधीच असतो, हा प्रश्न त्या काळी वादाचा होता. साल्व्हादोर लुरिया व माक्स डेलब्र्यूक यांनी १९४३ मध्ये सूक्ष्मजंतूंना मारणाऱ्या व्हायरसांवर प्रयोग करून असे दाखविले की, रोधी जंतू हे मारक घटकाशी संबंध येण्यापूर्वीच आपोआप होणाऱ्या उत्परिवर्तनाने निर्माण झालेले असतात. जोशुआ व एस्थर लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये मखमलीच्या कापडाने एका पोषक थाळीवरील जंतूंच्या वसाहतींचा ठसा दुसऱ्या थाळ्यांवर उमटवून हीच गोष्ट स्ट्रेप्टोमायसिनाच्या बाबतीत सिद्ध केली. औषध रोध घडवीत नाही, तर निवड करते. त्याने संवेदनशील जंतू मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत मूठभर रोधी जंतूंची प्रजा वाढते. या शाखेतील पुढील सर्व विचार या एका तत्त्वावर आधारलेला आहे.

१९५० नंतरच्या दशकात जपानमध्ये आमांशाचे जंतू एकाच वेळी तीन-चार औषधांना रोधी असल्याचे दिसून आले. स्वतंत्र उत्परिवर्तनांनी असे घडणे जवळजवळ अशक्य होते. हा रोध आतड्यातील एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे प्रत्यक्ष संपर्काने जातो, असे तेथील वैज्ञानिकांनी १९५९ मध्ये दाखवून दिले आणि त्सुतोमु वातानाबे यांच्या लेखनामुळे १९६३ नंतर ते जगभर माहीत झाले. लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालयात १९५९ साली उद्भवलेल्या साल्मोनेला जंतूंच्या साथीचा अभ्यास करून नेओमी दत्त यांनी यूरोपातही तोच प्रकार घडत असल्याचे १९६२ मध्ये सिद्ध केले. याच सुमारास, १९६१ मध्ये, नुकत्याच वापरात आलेल्या मेथिसिलीन या औषधाला रोधी असलेला पूजनक स्टॅफिलोकॉकस इंग्लंडमध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांना आढळला.

रोधाच्या यंत्रणा : सूक्ष्मजंतू मुख्यत्वे चार प्रकारांनी औषधाचा प्रतिकार करतात. (१) औषधाचा रेणू तोडणारे किंवा त्याला रासायनिक गट जोडून तो निष्क्रिय करणारे एंझाइम तयार करणे. पेनिसिलीन व त्याच्या गटातील औषधांचा नाश करणारी बीटा-लॅक्टमेज एंझाइमे या प्रकारातील होत. (२) औषध ज्या ठिकाणी जाऊन चिकटते, त्या लक्ष्यस्थानाच्या रचनेत बदल करणे. (३) कोशिकेत शिरलेले औषध कोशिकापटलातील प्रथिनांच्या साहाय्याने बाहेर फेकणे. (४) कोशिकेच्या बाह्य आवरणातील प्रवेशमार्ग कमी वा अरुंद करून औषध आत येऊ न देणे. एकाच जंतूत यांपैकी अनेक यंत्रणा एकत्र असू शकतात.

उत्परिवर्तन ही विरळ घटना असली, तरी जंतूंची संख्या व वाढीचा वेग यांमुळे ती व्यवहारात विरळ राहत नाही. आतड्यातील एशेरिकिया कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत द्विभाजन पावतो. या हिशेबाने एका जंतूपासून दहा तासांत शंभर कोटींहून अधिक जंतू होऊ शकतात. क्षयरोग्याच्या फुप्फुसातील एका विवरात दहा कोटी वा त्याहूनही अधिक जंतू असू शकतात. त्यांपैकी आयसोनियाझिडाला रोधी जंतूंचे प्रमाण साधारणतः दहा लाखांत एक आणि रिफँपिसिनाला रोधी जंतूंचे प्रमाण दहा कोटींत एक असते. एकच औषध दिले, तर असे मोजके जंतू वाचतात व वाढतात. दोन्ही औषधे एकत्र दिल्यास दोन्हींना रोधी असा जंतू आढळण्याची शक्यता एकावर चौदा शून्ये एवढ्या जंतूंत एक इतकी अल्प होते. क्षयरोगावर अनेक औषधे एकत्र व ठरलेल्या मुदतीपर्यंत का घ्यावी लागतात, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

रोधाचा प्रसार : रोधाची जनुके पुष्कळदा मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड या वर्तुळाकार, स्वतंत्रपणे द्विगुणित होणाऱ्या डीएनए रेणूंवर असतात. दोन जंतू परस्परांना चिकटले असता प्लाझ्मिडाची प्रत एकातून दुसऱ्यात जाते. एका प्लाझ्मिडावर अनेक औषधांविरुद्धची जनुके एकत्र असू शकतात. त्यामुळे त्यांपैकी एका औषधाच्या वापराने उरलेल्या सर्व औषधांविरुद्धचा रोधही निवडला जातो. पाऱ्यासारख्या विषारी धातूंना रोध देणारी जनुकेही कित्येकदा याच प्लाझ्मिडांवर असतात. म्हणून जेथे औषध पोचलेले नाही पण धातूंचे प्रदूषण आहे, अशा ठिकाणीही औषधरोधी जंतू टिकून राहू शकतात.

ही जनुके मानवनिर्मित नाहीत. प्रतिजैव पदार्थ बनविणारे मातीतील स्ट्रेप्टोमायसीज जंतू स्वतःच्या विषापासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी अशीच जनुके बाळगतात. कॅनडातील यूकॉन प्रदेशात सुमारे ३०,००० वर्षांपासून गोठलेल्या मातीतही रोधाची जनुके मिळाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मानवाने रोध निर्माण केला नाही. निसर्गात विखुरलेली ही जनुके औषधांच्या बेसुमार वापराने व सांडपाण्याच्या वाटेने रोगकारक जंतूंत एकत्र आणली.

शिक्षण व कार्यपद्धती : या क्षेत्रात दोन मार्गांनी प्रवेश होतो. पहिला वैद्यकीय पदवीनंतर सूक्ष्मजीवविज्ञानातील तीन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा. यातून रुग्णालयातील प्रयोगशाळेचे प्रमुख तयार होतात. दुसरा विज्ञान शाखेतील पदवी, पदव्युत्तर पदवी व पीएच्‌. डी. यांचा, यातून संशोधन संस्था, विद्यापीठे व औषधनिर्मितीचे उद्योग यांत काम करणारे अभ्यासक येतात. पहिल्या गटापुढे रोगी असतो, दुसऱ्यापुढे जंतू. आणि या दोघांनी एकमेकांच्या नोंदी पाहिल्याशिवाय रोधाचे पूर्ण चित्र उभे राहत नाही.

प्रयोगशाळेतील नित्याचे काम मूत्र, रक्त, पू, थुंकी यांसारखे नमुने पोषक माध्यमावर वाढविण्यापासून सुरू होते. वाढलेला जंतू ओळखल्यानंतर त्याची औषधसंवेदनशीलता तपासतात. यासाठी १९६६ मध्ये विल्यम कर्बी, आल्फ्रेड बाउअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रमाणित केलेली चकती-पद्धती आजही सर्वत्र वापरात आहे. जंतूंचे ठराविक गढूळपणाचे निलंबन सुमारे ४ मिमी. जाडीच्या आगर थाळीवर पसरतात, त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजविलेल्या कागदी चकत्या ठेवतात आणि थाळी ३५°से. तापमानात १६ ते १८ तास ठेवतात. औषध परिणामकारक असल्यास चकतीभोवती जंतूंची वाढ न झालेले स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मोजून व प्रमाण-कोष्टकाशी ताडून जंतू संवेदनशील आहे की रोधी हे ठरवितात. जंतूची दृश्य वाढ थांबविणारी औषधाची कमीत कमी संहती काढणे ही अधिक अचूक पद्धती होय. माध्यमाची जाडी, निलंबनाची दाटी किंवा चकत्या साठविण्याचे तापमान यांत थोडी चूक झाली, तरी निष्कर्ष उलटा येऊ शकतो. म्हणून ज्ञात गुणधर्मांचा प्रमाण-विभेद नेहमी बरोबर तपासावा लागतो.

साध्या संसर्गात हा अहवाल मिळण्यास सुमारे दोन दिवस लागतात. क्षयरोगाचा जंतू संथ वाढत असल्याने घन माध्यमावर त्याला तीन ते आठ आठवडे लागतात. जनुकीय चाचणीने मात्र रिफँपिसीन-रोध सुमारे दोन तासांत कळतो. अहवाल येईपर्यंत डॉक्टराला अंदाजाने औषध द्यावे लागते. हा अंदाज किती बरोबर ठरेल, हे त्या रुग्णालयाच्या संचित नोंदींवर अवलंबून असते. वर्षभरात एका जातीचे किमान ३० विभेद तपासलेले असतील, तर त्यांपैकी किती टक्के कोणत्या औषधाला संवेदनशील होते याचे कोष्टक तयार करण्याचा संकेत आहे. असे कोष्टक नसेल, तेथे डॉक्टर सावधगिरी म्हणून सर्वांत प्रबळ औषधाकडे वळतो आणि त्या औषधाविरुद्धचा रोध वाढीस लागतो.

महाराष्ट्रातील कार्य : जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. एम्‌. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील मातीतून वेगळ्या केलेल्या जंतूपासून हॅमायसीन हा कवकरोधी पदार्थ मिळविला; त्या जंतूला पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना असे नाव दिले आहे. त्या काळी औषधे देशातच स्वस्तात तयार व्हावीत हे मुख्य उद्दिष्ट होते. ती टिकावीत कशी, हा प्रश्न नंतर पुढे आला.

पुणे विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवविज्ञान विभागातील बी. ए. चोपडे यांचे कार्य हे या शाखेतील दीर्घ व एकसूत्री अभ्यासाचे उदाहरण होय. ॲसिनेटोबॅक्टर या जंतूतील प्लाझ्मिडांच्या संक्रमणावर केव्हिन टॉवनर व पी. जे. वाइज यांच्यासह केलेले त्यांचे संशोधन १९८५ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. त्या सुमारास हा जंतू फारसा गंभीर मानला जात नव्हता. पुढे तोच अतिदक्षता विभागांतील सर्वाधिक रोधी जंतूंपैकी एक ठरला. चोपडे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी निरोगी व्यक्तींच्या त्वचेवरील ॲसिनेटोबॅक्टर जातींचा, त्यांतील प्लाझ्मिडांचा व औषधसंवेदनशीलतेचा अभ्यास केला. पश्चिम भारतातील एका आदिवासी समाजातील निरोगी व्यक्तींवरील असा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. रोधाचा माग केवळ रुग्णालयात नव्हे, तर त्याच्या बाहेरही घ्यावा लागतो, हे अशा अभ्यासांमागील सूत्र आहे. चोपडे पुढे औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. याच शहरात संशोधन केंद्र असलेल्या वोखार्ट कंपनीने समाजात होणाऱ्या न्यूमोनियावरील नॅफिथ्रोमायसीन हे तीन दिवसांच्या उपचाराचे नवे औषध विकसित केले असून २०२४ मध्ये ते जाहीर करण्यात आले.

मुंबईतील अभ्यास मुख्यतः रोग्याच्या खाटेपासून सुरू झाला. मुकुंद उपळेकर व डॉनल्ड शेपर्ड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १०० खाजगी डॉक्टरांनी क्षयरोगावर ८० निरनिराळ्या उपचारपद्धती लिहून दिल्याचे आढळले. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी, त्यांत उपळेकरही होते, सुमारे वीस वर्षांनी, २०१० मध्ये, असाच प्रश्न विचारला, तेव्हा १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारचे उपचार सुचविले आणि त्यांपैकी केवळ ६ जणांचे उपचार बरोबर होते. पी. डी. हिंदुजा रुग्णालयातील उदवाडिया, कॅमिला रॉड्रिग्स व सहकाऱ्यांनी डिसेंबर २०११ मध्ये तपासलेल्या सर्व औषधांना रोधी असलेल्या क्षयाच्या चार रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांनी वापरलेल्या ‘संपूर्ण औषधरोधी’ या संज्ञेला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हरकत घेतली आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही चाचण्यांच्या मर्यादा लक्षात घेऊन ती स्वीकारली नाही. संज्ञा मागे पडली, तरी प्रश्न पुढे आला. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाकडे करणे मे २०१२ मध्ये बंधनकारक झाले.

दुसरे उदाहरण एनडीएम-१ या एंझाइमाचे आहे. हे एंझाइम कार्बापेनेम गटातील राखीव औषधांचाही नाश करते. नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका स्वीडिश रोग्यात २००८ मध्ये ते प्रथम आढळले व त्या शहराचे नाव त्याला देण्यात आले. एंझाइमांना स्थलनामे देण्याची प्रथा असली, तरी या नावावरून २०१० मध्ये देशात मोठा वाद झाला. तथापि हिंदुजा रुग्णालयातील पायल देशपांडे, रॉड्रिग्स व सहकाऱ्यांनी मार्च २०१० मध्येच भारतीय वैद्यकीय नियतकालिकात असे कळविले होते की, ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळातील २४ कार्बापेनेम-रोधी विभेदांपैकी २२ विभेदांत हे जनुक आहे. एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत नवी दिल्लीतील साचलेल्या व वाहत्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत ते जनुक सापडले. या अभ्यासकांचे निष्कर्ष पुष्कळदा अप्रिय ठरतात. परंतु चार महिन्यांच्या नोंदींतून वेळीच दिलेला असा इशारा हेच या शाखेचे खरे फलित होय.

सिंधुदुर्ग किनाऱ्याचे उदाहरण : वरील सर्व कार्य मोठ्या शहरांतील आहे. रोधाची निवड मात्र जेथे जेथे औषध वापरले जाते, तेथे तेथे होते. रत्नागिरी जिल्ह्यातून १ मे १९८१ रोजी वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात हा प्रश्न प्रथम तापाच्या रूपाने समोर येतो. पावसाळ्यात भातशेतीच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, हिवताप व डेंग्यू यांची आरंभीची लक्षणे सारखीच असतात. गोचिडींमुळे पसरणाऱ्या क्यासनूर अरण्य रोगाची, म्हणजे माकडतापाची, साथ २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात उद्भवली. यांपैकी लेप्टोस्पायरोसिस पेनिसिलीन वा डॉक्सिसायक्लीन या जुन्या व स्वस्त औषधांनी आजही बरा होतो. मात्र उपचार लवकर सुरू व्हावा लागतो. हिवतापाला वेगळी औषधे लागतात. डेंग्यू व माकडताप हे व्हायरसजन्य असल्याने त्यांवर प्रतिजैव पदार्थांचा काहीच उपयोग नाही. निदानाची सोय जवळ नसेल, तर चारही रोग्यांना एकच प्रबळ प्रतिजैव औषध मिळण्याचा संभव असतो. अशा वेळी एकाचा उपचार चुकतो, दोघांना विनाकारण औषध मिळते आणि सर्वांच्या आतड्यातील जंतूंत रोधाची निवड होते.

दुसरा भाग पाण्याचा आहे. मालवण, तारकर्ली, आचरे, देवगड व वेंगुर्ले या परिसरात खाड्या, विहिरी व समुद्र एकमेकांलगत आहेत. येथील जांभा दगड सच्छिद्र आहे. त्यामुळे शोषखड्डे विहिरींपासून पुरेशा अंतरावर नसल्यास सांडपाणी भूजलात झिरपू शकते. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाल्यानंतर किनाऱ्यावरील वस्तीचा भार वाढला आहे. कालवे, शिनाणे, तिसऱ्या यांसारखे शिंपाधारी प्राणी पाणी गाळून अन्न मिळवितात व त्याबरोबर पाण्यातील जंतूही शरीरात साठवितात. यामुळे खाडीतील रोधी जंतूंचा माग घेण्यास ते उपयुक्त ठरतात. येथे अभ्यासकाला एक विवेक बाळगावा लागतो. खाऱ्या व निमखाऱ्या पाण्यात स्वाभाविकपणे राहणाऱ्या व्हिब्रिओ जातींपैकी कित्येक मुळातच अँपिसिलिनाला दाद देत नाहीत. त्यांची गणना प्रदूषणजन्य रोधात केली, तर निष्कर्ष फसवा ठरतो. उलट एशेरिकिया कोलाय हा उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातील जंतू पाण्यात आढळल्यास सांडपाण्याचा संबंध स्पष्ट होतो. रोधी जंतू उष्णतेला रोधी नसतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे; मासळी व शिंपले नीट शिजविल्यास ते इतर जंतूंप्रमाणेच मरतात.

गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एन्‌. रामय्या व जे. डे यांनी भारताच्या किनारी पाण्यात पारारोधी सूक्ष्मजंतूंचे प्रमाण असाधारण वाढल्याचे २००३ मध्ये दाखवून दिले. धातुरोध व औषधरोध यांची जनुके बरोबरीने वावरत असल्याने औषधरोधाच्या दृष्टीनेही ही नोंद महत्त्वाची आहे. कोळंबी संवर्धनात क्लोरँफिनिकॉल व नायट्रोफ्यूरान यांसारख्या औषधांना बंदी असून निर्यातीपूर्वी मालाची तपासणी होते. परंतु या तपासणीत औषधाचा अवशेष शोधला जातो. रोधी जंतू शोधणे ही वेगळी चाचणी आहे. औषध निघून गेल्यावरही तळ्यातील गाळात रोधी जंतू मागे राहू शकतात.

ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे जिल्ह्यात या कामाला शैक्षणिक पाया मिळाला आहे. वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवविज्ञान हा आवश्यक विभाग असतो. माकडतापासारख्या व्हायरसजन्य रोगांच्या निदानासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेसारखी संदर्भ प्रयोगशाळा लागते; परंतु मूत्र वा रक्त यांचे संवर्धन व चकती-चाचणी यांना फार मोठी साधने लागत नाहीत. लागते ते प्रशिक्षित मनुष्यबळ, अखंड वीजपुरवठा, शीतपेटी आणि नियमितपणे ठेवलेली नोंदवही.

नियंत्रण : औषधे डॉक्टराच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत यासाठी भारत सरकारने ऑगस्ट २०१३ मध्ये एच-१ ही अनुसूची जाहीर केली व ती १ मार्च २०१४ पासून अंमलात आली. तीत आरंभी ४६ औषधे होती. विक्रेत्याने त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे आवश्यक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ पासून औषधरोधाच्या पाहणीसाठी रुग्णालयांचे जाळे उभारले. राष्ट्रीय कृती योजना २०१७ मध्ये जाहीर झाली. कॉलिस्टीन हे अखेरचे राखीव औषध अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांना देण्यावर जुलै २०१९ मध्ये बंदी घालण्यात आली. स्वच्छ पाणी, मलनिःसारण, लसीकरण व रुग्णालयातील हातांची स्वच्छता हे उपायही तितकेच महत्त्वाचे आहेत. कारण जो संसर्ग झालाच नाही, त्यासाठी औषध लागत नाही.

वापर थांबविल्यास रोध नाहीसा होतो का, या प्रश्नाचे उत्तर संमिश्र आहे. आंत्रज्वरावर १९४८ पासून वापरात असलेल्या क्लोरँफिनिकॉलाला रोधी जंतूंची साथ १९७२ मध्ये केरळमध्ये आली आणि १९९० च्या सुमारास बहुऔषधरोधी आंत्रज्वर देशभर पसरला. डॉक्टर अन्य औषधांकडे वळल्यानंतर क्लोरँफिनिकॉलाला संवेदनशील जंतू पुन्हा बहुसंख्य झाले. पण त्याच काळात सिप्रोफ्लॉक्सॅसिनाविरुद्धचा रोध वाढला. याउलट रोधाची जनुके प्लाझ्मिडावर इतर उपयुक्त जनुकांबरोबर असली, तर एका औषधाचा वापर थांबवूनही ती टिकून राहतात. म्हणून कोणते जुने औषध पुन्हा उपयोगी पडू शकेल, हेही अखंड नोंदींवरूनच सांगता येते.

२०२१ या एका वर्षात जगात सुमारे ११.४ लाख मृत्यू सूक्ष्मजंतूंच्या औषधरोधामुळे थेट घडले व सुमारे ४७.१ लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. असे अंदाज जेथे प्रयोगशाळा आहेत तेथील आकड्यांवर आधारलेले असतात. जेथे नमुना तपासला जात नाही, तेथील रोग्याचा मृत्यू ‘ताप’ वा ‘न्यूमोनिया’ म्हणून नोंदला जातो आणि त्यामागील रोध कोणाच्याही लक्षात येत नाही. जिल्हा पातळीवर काम करणाऱ्या सूक्ष्मजीववैज्ञानिकाचे महत्त्व यातच आहे. तो नवे औषध शोधत नाही. पण हाती असलेली औषधे कोठे, कोणावर व किती काळ उपयोगी पडतील, हे ठरविण्याचा आधार त्याच्याच नोंदवहीतून मिळतो.